बज बिम : गुंडिचमारांच्या भूमीवरील सहल

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या नैऋत्येकडील बज बिम हा लाव्हाचा प्रदेश पाहावा तो गुंडिचमारा या तिथल्या आदिवासी समाजाच्या वाटाड्यासोबतच. या समाजाचा भूमीवरील मूळ हक्क 2007 मध्ये न्यायालयाने मान्य केला आणि गुंडिच मिरिंग ही संस्था तो त्यांच्या वतीने सांभाळते. त्यामुळे इथे यजमान हेच खरे घरमालक आहेत. लाव्हाच्या काळ्या खडकांत किमान 6,600 वर्षांपूर्वी काढलेल्या चरांतून पाणी कसे वळवले जाई आणि गवताच्या विणलेल्या निमुळत्या टोपलीत वाम कशी अडके, हे चराच्या काठावर उभे राहिल्यावरच उमगते; जागतिक वारशाचा 2019 मधील मान त्यापुढे दुय्यम वाटतो. टे राक सरोवराकाठच्या उपाहारगृहात धुरी दिलेली वाम अवश्य मागवावी. मासा तेलकट, त्यामुळे सोबत लिंबू हवेच. मेलबर्नहून येणाऱ्यांनी मात्र मुक्कामाच्या तयारीने, स्वतःच्या गाडीने यावे.