चायना ग्रास की सोडियम अल्जिनेट?

शाकाहारी जेलीसाठी काय घेऊ, असं मैत्रिणीने विचारलंय. दोन्ही समुद्री शैवालांच्या पेशीभित्तिकेतल्या बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या); लाटांचे तडाखे सोसायला लागणारी लवचीकता शैवालाला त्या देतात.

चायना ग्रास म्हणजे लाल शैवालातलं अगर. ते उकळावंच लागतं. साधारण ३५ अंशांना गोठतं, पण पुन्हा वितळायला ८५ अंश लागतात. म्हणून मे महिन्यातही जेली वितळत नाही. याच गुणामुळे १८८२ पासून प्रयोगशाळेत जिवाणू अगरवर वाढवतात!

तपकिरी शैवालातलं अल्जिनेट गार असतानाच कॅल्शियम मिळताच गोठतं. दुधात मात्र त्यामुळेच गुठळ्या होऊ शकतात. शिवाय ते पाण्यात नीट मिसळायला मिक्सर हवा.

दुधाच्या पुडिंगला चायना ग्रासच घे. सरबताचे मोती करायचे असतील तर अल्जिनेट, सोबत कॅल्शियम लॅक्टेटचं पाणी.