राजवाड्याजवळची साख संस्था: जामीनदाराच्या बाजूने एक परीक्षण

मध्यप्रदेशातील आमच्या शहरात, राजवाड्याच्या परिसरातील ज्या साख संस्थेविषयी मी लिहीत आहे (महाराष्ट्रातील वाचकांनी पतपेढी असे वाचावे), तिचा मी 2004 पासून सभासद आहे. ठेवीदार म्हणून माझी तिच्याविषयी कधीच तक्रार नव्हती: व्याज वेळेवर जमा होते, पासबुक हातोहात भरून मिळते, आणि लाभांशाच्या दिवशी सभासदांची विचारपूसही होते. जामीनदार म्हणून याच संस्थेचा जो अनुभव आला, तो मात्र इतका वेगळा आहे की त्याची नोंद स्वतंत्रपणे करावी असे वाटले. संस्थेचे नाव देत नाही, कारण हे फॉर्म आणि ही पद्धत एकाच संस्थेची मक्तेदारी नाही.

एप्रिल 2021 मध्ये माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने फ्लेक्स छपाईच्या मशीनसाठी चार लाखांचे कर्ज काढले. मुदत साठ महिन्यांची, व्याज तेरा टक्के, जामीनदार दोन. काउंटरवरच्या तरुणाने सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि मी पाने मागे उलटू लागताच तो म्हणाला, ‘‘काका, फक्त औपचारिकता आहे, दोन मिनिटांचे काम.’’ सह्या अकरा होत्या आणि वेळ खरोखर दोनच मिनिटे लागला. भीड ही भिकेची बहीण, हे आमची आजी उगाच म्हणत नसे. फॉर्म हिंदीत होता, त्यातला शब्द ‘जमानतदार’. का कोण जाणे, तो शब्द वाचताना मला कोर्टकचेरी आठवली, पैसा आठवला नाही. करारनाम्याची प्रत मागितली तेव्हा ‘नंतर देऊ’ असे उत्तर मिळाले आणि ती प्रत मिळायला पुढे पावणेतीन वर्षे लागली.

बावीस हप्ते व्यवस्थित भरले गेले. त्यानंतर नऊ महिने एकही हप्ता आला नाही, आणि या नऊ महिन्यांत संस्थेने मला एक फोनही केला नाही, जरी याच काळात माझ्या मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी तिचे दोन संदेश आले होते. संस्थेच्या सेवेतील सर्वांत मोठा दोष मी हाच मानतो. दुसरा हप्ता चुकताच कळले असते, तर मुलाच्या वडिलांशी बोलून काही मार्ग काढता आला असता. डिसेंबर 2023 मध्ये थेट नोटीस आली: बाकी मुद्दल 2,82,000, व्याज 27,500, दंडव्याज व नोटीस खर्च 9,000, आणि न भरल्यास मध्यप्रदेश सहकारी सोसायटी अधिनियम 1960 च्या कलम 64 खाली वाद दाखल करण्याचा इशारा.

व्यवस्थापकांना मी तोच प्रश्न विचारला जो प्रत्येक जामीनदार विचारतो: आधी कर्जदाराकडून वसूल करा, तो बुडाला तर माझ्याकडे या. त्यांचे उत्तर शांत होते आणि, मला कबूल करावे लागते, बरोबर होते. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराच्या मागे लागून थकले पाहिजे असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या प्रकरणात 1968 सालीच सांगून ठेवले आहे. तुम्ही नऊ महिने गप्प बसलात म्हणून मी सुटलो, हा माझा दुसरा मुद्दाही टिकला नाही, कारण कलम 137 नुसार केवळ वसुलीला उशीर झाल्याने जामीनदार मोकळा होत नाही. हे सारे व्यवस्थापकांना तोंडपाठ होते. एप्रिल 2021 मध्ये यातले एक वाक्य जरी त्यांनी ऐकवले असते, तरी सही करताना माझा हात थोडा थबकला असता.

मग मी करारनाम्याची प्रत हट्टाने मिळवली आणि एका ओळखीच्या वकिलांसोबत वाचली. कर्जाच्या अटी माझ्या संमतीविना बदलल्या किंवा कर्जदाराशी करार करून त्याला मुदत वाढवून दिली तर जामीनदाराला संरक्षण देणारी जी कलमे 133 आणि 135, त्यांवर मी छापील मजकुरातच पाणी सोडलेले होते. कलम 141 चा उल्लेख मात्र राहून गेला होता. धनकोने आपल्याकडचे तारण गमावले तर त्या किमतीपुरता जामीनदार मुक्त होतो, असे ते कलम सांगते. मशीन संस्थेकडे नजरगहाण होते (म्हणजे ताबा कर्जदाराकडे, पण तारण संस्थेचे), वर्षातून एकदा पाहणी करण्याची अट होती, आणि फाइलमध्ये एकाही पाहणीचा कागद नव्हता. मशीन दरम्यान देवासला विकले गेले होते. न्यायालयात हा मुद्दा कितपत टिकला असता ते सांगता येत नाही, पण व्यवस्थापकांनी फाइल दोनदा मागेपुढे चाळली, चहा मागवला आणि 9,000 रुपये माफ करून व्याज नोटिशीच्या तारखेला थांबवले.

दरम्यान मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो, तर माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे माझ्या कर्जव्यवहारांच्या नोंदीत, हे थकीत खाते ‘जामीनदार’ या नात्याने उमटलेले दिसले. असा पूर्ण अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. मी तो तोवर कधी काढलाच नव्हता, हा दोष माझा. ‘‘तुम्हाला काही झाले तर हे आमच्यावर येणार का?’’ असे पत्नीने त्या रात्री विचारले. वारसांवर जबाबदारी येते, पण मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच, एवढेच मी तिला सांगू शकलो.

मार्च 2024 मध्ये ठेव मोडून 3,09,500 रुपये भरले. दुसऱ्या जामीनदाराने कलम 146 प्रमाणे आपला निम्मा वाटा, 1,54,750 रुपये, दोन टप्प्यांत मला दिला. माणूस सज्जन निघाला. उरलेल्या रकमेसाठी कर्जदारावर दावा लावायचा तर मुदत मी पैसे भरल्यापासून तीन वर्षांची आहे, म्हणजे पावतीवरची तारीख महत्त्वाची. संस्थेने दिलेल्या पावतीवर नेमका तारखेचा शिक्का पुसट उमटला होता. ती बदलून घेण्यासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि तिसऱ्या खेपेला त्याच तरुणाने हाताने तारीख घालून, खाली सही करून पावती दिली. ही सही मात्र त्याने चांगली पाच मिनिटे विचार करून केली.