थार पेट्रोल घेतली, पण आबा अजून डिझेलच म्हणतात

सावद्याच्या आमच्या भागात केळीवाल्याने पेट्रोल जीप घेतली की लोक आधी गाडी नाही, माणूस निरखून बघतात. "पेट्रोलला काय दम राहतो भो?" दीड वर्षात हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी मोबाइलवर आकडेच काढून दाखवतो.

महिंद्रा थारचं 2 लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) पेट्रोल (मॅन्युअल) आणि 2.2 लिटर डिझेल, दोन्हींचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, 300 न्यूटन मीटर. पेट्रोलला तो 1250 आरपीएमपासूनच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो, डिझेलला 1600 पासून. म्हणजे गाऱ्यातून हळूहळू निघताना जो जोर लागतो, त्यात पेट्रोल मागे नाही. आबांच्या डोक्यात अजून कार्बोरेटरवाली जुनी जीप आहे, टर्बो त्यांनी पाहिलेलाच नाही.

मी जवळजवळ बुक केली होती ती मात्र तिसरीच, 1.5 लिटर डिझेल. टॉर्क तिचाही 300 आणि किंमत बरीच कमी. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन 1500 सीसीच्या आत, म्हणून कर कमी. सप्टेंबर 2025 पासून तर तिला 18 टक्के जीएसटी आणि मोठ्या इंजिनांना 40. पण तिची फक्त मागची चाकं ओढतात, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, त्या इंजिनाला मिळतच नाही. आमची जमीन काळी. मृगाचे दोन पाऊस झाले की गाडवाटेवर मोटारसायकलचं चाक मडगार्डात अडकतं. आमचा सालदार म्हणाला, "भाऊ, ही घेतली तर टॅक्टर रोज बांधावर उभा ठेवा लागीन." विषय संपला.

मग 2.2 डिझेल का नाही? माझं शेत घरापासून चार किलोमीटर. सकाळी एक फेरी, दुपारी एक, केळीची कापणी असली की चार-पाच. इंजिन नीट तापायच्या आत बंद. हल्लीच्या बीएस-6 (धुराचे नवे नियम) डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जळायला धूर खूप गरम व्हावा लागतो, आणि तो होतो सलग वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर पळवल्यावर. चोपड्याच्या माझ्या शालकाकडे दुसऱ्या एका कंपनीची डिझेल गाडी आहे. तिचा डीपीएफ भरल्याचा दिवा पेटला की हा माणूस रात्री नऊला काम नसताना शिरपूरपर्यंत जाऊन येतो. बायको म्हणते, कुत्रं फिरवावं तशी गाडी फिरवतात!

आता खर्च. माझ्या हिशोबाने शेताच्या फेऱ्यांत लिटरला नऊ, हायवेला साडेअकराच्या आसपास. पेट्रोल शंभराच्या वर, डिझेल नव्वदीत, त्यामुळे टाकी भरताना मी पंपाच्या आकड्याकडे बघत नाही. वर्षाला माझे आठ हजार किलोमीटर होतात, म्हणून परवडतं. रोज भुसावळ-धुळे करणाऱ्याने माझं ऐकू नये, त्याने सरळ डिझेल घ्यावी.

दिवाळीनंतर शहाद्यावरून तोरणमाळला गेलो. चार माणसं, सामान आणि आईने बांधून दिलेलं भरीत. सातपायरी घाटाच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता चढली. इंजिन इतकं शांत की मागच्या सीटवर आबा झोपले, आणि उठल्यावर पहिला प्रश्न, "बंद पडली का?" उतरताना सीताखाईच्या बाजूला एका कच्च्या उतारावर छोट्या दांडीने फोर लो (चारही चाकं, सगळ्यात हळू गिअर) टाकला. पाय ब्रेकवरून काढला, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने खाली आली. इथे 2.2 डिझेल असतं तरी हेच झालं असतं, काम त्या छोट्या दांडीचं.

खरी गोची टायरची आहे, आणि हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. सोबत येतात ते ऑल-टेरेन (सगळ्या वाटांसाठीचे) टायर मुरुमावर, वाळूवर झकास. काळ्या मातीत मात्र दहा फुटांत नक्षी भरते, टायर कढईसारखा गुळगुळीत होतो आणि मग चारही चाकं जागेवर फिरतात. गेल्या श्रावणात मी असाच फसलो. ट्रॅक्टरने ओढून काढलं, तेही आबांच्या देखत. या मृगाआधी खोल नक्षीचे मड टायर टाकायचेत. डांबरावर ते गुणगुणतात म्हणे. गुणगुणू देत.