पहिला फोन ते स्वतःची किल्ली: खानदेशात बेघर बाईसाठी असलेल्या सोयीचं परीक्षण

रात्री भुसावळ जंक्शनवर एक बाई उतरते. हातात पिशवी, कडेवर पोर, जायला घर नाही. सरकारी यंत्रणेच्या हाती ती लागली तर पुढचा रस्ता कागदावर आखलेला आहे: फोन, पाच दिवसांचा आसरा, निवारागृह, दवाखाना, प्रशिक्षण, काम. इथे तपासली आहे ती ही अख्खी साखळी, जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अंगाने. सुटी कडी हातात घेतली तर बहुतेक ठीक निघते. गोची आहे ती दोन कड्या जिथे अडकवायच्या तिथे.

फोनचं आधी. महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, रेल्वेच्या हद्दीत १३९. स्टेशनात असाल तर १३९ किंवा फलाटावरचं आरपीएफचं (रेल्वे सुरक्षा दलाचं) ठाणं आधी गाठा. हद्द कोणाची हे ठरेपर्यंत बाई पुढच्या गाडीत बसून निघून गेलेली असते. फोनवर तीन गोष्टी पुरतात: ती नेमकी कुठे आहे (फलाट क्रमांक, जवळचा स्टॉल), सोबत मूल आहे का, जखम किंवा रक्तस्राव आहे का. ‘एक वेडी बाई बसलीय’ एवढंच सांगितलं की पलीकडचा माणूस तिला आजारी म्हणून नोंदवतो, संकटातली म्हणून नाही. पुढचा सगळा प्रवास त्या एका शब्दावर वळतो.

मग येतं सखी वन स्टॉप सेंटर. १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेली ही योजना या साखळीतला सगळ्यात चांगला भाग आहे. उपचार, पोलीस मदत, समुपदेशन, वकील आणि तात्पुरता मुक्काम या पाचही गोष्टी एका छताखाली, चोवीस तास, एक पैसा न घेता. केंद्र दवाखान्याच्या आवारात किंवा दोन किलोमीटरच्या आत असावं असा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. फक्त सखी आहे हिंसाचार झालेल्या बाईसाठी. नुसतं ‘बेघर’ म्हटलं तर तुम्ही आमच्यात बसत नाही, असं ऐकायला मिळू शकतं. घर सुटलेल्या बाईच्या मागे मारहाण किंवा हाकलून देणं बहुतेक वेळा असतंच, तेव्हा तेच आधी सांगावं आणि नोंदीत लिहून घ्यावं.

मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवस. शिवण उसवते ती इथे. पुढच्या निवारागृहाचं पत्र चौथ्या दिवशी संध्याकाळी टाइप झालं आणि पाचवा दिवस रविवार निघाला की बाई पुन्हा स्टँडवर. म्हणून जागेची चौकशी पहिल्याच दिवशी फोनवर करायची, दुसऱ्या दिवशी वैद्यकीय तपासणीचा कागद हातात घ्यायचा (पुढचं गृह तो मागतंच) आणि तिसऱ्या दिवशी पत्र पाठवायचं. याची सखी केंद्रातल्या केस वर्करला (तिचं प्रकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) आठवण करून देण्यात काही कमीपणा नाही.

याच पाच दिवसांत वकिलाला एक प्रश्न विचारायचा राहून जातो: ही बाई खरंच बेघर आहे का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार सामायिक घरात राहायचा हक्क तिचा आहे, घर सासऱ्याच्या नावावर असो की नवऱ्याच्या. कलम १९ खाली न्यायालय त्याच घरात राहू देण्याचा किंवा दुसरीकडे भाड्याची सोय करण्याचा आदेश देऊ शकतं. वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाहीच, क्रमांक १५१००. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. साठ दिवसांवर भरवसा ठेवू नका, पण अर्ज टाका, कारण अंतरिम आदेश मागता येतो.

लांबच्या मुक्कामासाठी शक्ती सदन. जुन्या स्वाधार गृह आणि उज्ज्वला या दोन योजना १ एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीत एकत्र होऊन शक्ती सदन झाल्या. लोकांच्या तोंडी अजून ‘स्वाधार’च आहे. याशिवाय महिला व बालविकास विभागाची स्वतःची वसतिगृहं असतात. जळगावला आशादीप हे तसं शासकीय महिला वसतिगृह आहे. कुठल्याही गृहाचा दर्जा ठरवताना भिंतीवरचे सुविचार वाचू नयेत. प्रत्येकीला कुलपाचं कपाट आहे का आणि त्याची किल्ली तिच्याजवळ आहे का, हे पाहावं. संडासाला आतून कडी लागते का, फोन करायला कोणाची परवानगी लागते, मुलगा मोठा झाल्यावर त्याला कुठे पाठवतात, हे विचारावं. आणि वैशाखात झोपायची खोली कशी आहे ते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत एका पंख्यावर वीस जणी झोपवल्या तर बाया स्वतःहून स्टेशनवर परत जातात. मग त्यांच्या नावापुढे ‘पळून गेली’ असं लिहिलं जातं.

शहरी बेघरांचे निवारे हा महापालिकेचा विषय. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा (ते २०२४ मध्ये संपलं) हिशेब होता लाख लोकसंख्येला शंभर जागांचा, माणशी ५० चौरस फूट, पन्नास जणांमागे एक व्यवस्थापक आणि पाळीने तीन काळजीवाहक. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर सुमारे ४ लाख ६० हजारांचं होतं, म्हणजे ४६० जागा. धुळं पावणेचार लाखांचं, म्हणजे पावणेचारशे. आपल्या शहरात किती आहेत हे माहिती अधिकारात विचारण्यासारखं आहे. त्याच अर्जात बायांसाठी वेगळ्या किती आणि दिवसा उघड्या किती, हेही विचारावं. सकाळी बाहेर काढून रात्री आत घेणारा निवारा बाळंतिणीच्या आणि तापाने फणफणलेल्या बाईच्या काय कामाचा?

आरोग्याचा भाग जरा सविस्तर, कारण चुका इथेच जास्त होतात.

उवा झाल्या म्हणून डोकं भादरायची सवय अजून गेलेली नाही. गरज नसते. १ टक्का परमेथ्रिन लोशन दहा मिनिटं ठेवून धुवायचं, बारीक फणी फिरवायची, सात ते दहा दिवसांनी पुन्हा. खरुजेला ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, आठवड्याने परत. खोलीतल्या सगळ्या जणींना एकाच रात्री लावायचं आणि कपडे-चादरी गरम पाण्यात. जिला खाज आहे तिलाच मलम दिलं की पंधरवड्यात पुन्हा सगळा वॉर्ड खाजवत बसतो आणि दोष औषधाला दिला जातो.

हिमोग्लोबिन सगळ्यांचं तपासतात, हे चांगलं. पण लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर वाटतात, आणि चहाने लोह अंगाला लागत नाही. जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर द्यावी. बाई नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यातली आदिवासी असेल तर आधी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी करून घ्यावी. तिथला पांढुरका चेहरा आणि अंगदुखी नेहमी लोहाच्या कमतरतेची नसते. न तपासता महिनोन्‌महिने लोह देणं चूक.

गर्भ असेल तर दिवस मोजण्यात वेळ घालवू नये. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारित, मनोरुग्ण, तसंच गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बाईला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. निर्णय तिचा; फक्त मनोरुग्ण बाईसाठी पालकाची लेखी संमती लागते. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, हे दवाखान्यात ठामपणे सांगावं लागतं.

मनोरुग्ण बाईसाठीची व्यवस्था खानदेशात सगळ्यात तोकडी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं; एकही जवळ नाही. पण पहिली पायरी जिल्ह्यातच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला ठाणेदाराने संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. जवळची सरकारी संस्था म्हणजे जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे महाविद्यालय आहे. ‘आमच्याकडे मानसोपचार वॉर्ड नाही’ हे ऐकून परत फिरू नका, तो नकार लेखी मागा. बाई एका जागी टिकणारी नसेल तर रोजच्या गोळ्यांऐवजी दोन-चार आठवड्यांनी द्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं. सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात.

मोठ्या उपचाराला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड नसलं की खिडकीवरून परत पाठवतात, पण शासकीय महिला आश्रमातल्या बाया योजनेत वेगळा गट म्हणून बसतात. गृहाच्या अधीक्षकांचं पत्र न्यावं.

आता कागद. आमच्या मते सगळ्या साखळीचा खरा बिजागर हाच आहे आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला पत्त्याला चालतो, पण तो तीनच महिने चालतो. काढून फाइलीत ठेवला की वाया गेला. बोटांचे ठसे दिल्यावर नोंदणी नाकारली गेली तर निराश होऊ नका. बहुतेकदा अर्थ एवढाच की तिचं आधार आधीच आहे, आणि जुना क्रमांक सापडला की गावही सापडतं. खातं मात्र आधारसाठी थांबवायचं कारण नाही. बँक अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा देऊन ‘छोटं खातं’ उघडता येतं: शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजार काढता येतात, मुदत बारा महिने. तेवढ्यात आधार करून घ्यायचं. खातं नसलं तर क्षयरोगाच्या उपचारातले निक्षयचे महिना १००० रुपये अडकतात, संजय गांधी निराधारचे १५०० अडकतात (त्यात राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही मागतात, जो भटक्या बाईकडे असणार कुठून?), आणि पुढे पगारही अडकतो.

प्रशिक्षणाला पाचपैकी दोन गुण. जिथे जावं तिथे शिलाई. अग्रणी बँकेची आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, चांगली आहे, राहणं-जेवण फुकट आणि शिकवणंही मन लावून. पण महिनाभराच्या वर्गातून बाई घरगुती पायमशीन शिकते आणि कारखान्यात तिच्यासमोर विजेची जुकी, म्हणजे कारखान्यातलं वेगवान शिलाई यंत्र, येते. पहिल्या आठवड्यात सुई बोटात जाते आणि नोकरी सुटते. चाळिशी गाठलेल्या बाईला दोरा ओवता येत नाही म्हणून ‘हिला जमत नाही’ असा शेरा मारतात. शंभर-दोनशे रुपयांचा वाचायचा चष्मा प्रशिक्षणाआधी द्या, अर्धा वर्ग सुधारेल.

खानदेशात ज्याला गिऱ्हाईक आहे ते वेगळंच: बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स. पापड-लोणचं-मसाल्याचा दहा दिवसांचा वर्ग आरसेटीतच असतो, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. खोट एकच, हा धंदा होळी ते अखाजी (अक्षय्य तृतीया) पेटतो आणि मृगाचा पाऊस पडला की वाळवण बंद. नंदुरबारच्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) मिरचीचे देठ खुडायचं कामही असंच हंगामी, शिवाय दमेकरी बाईने तिथे अजिबात जाऊ नये. बाराही महिने चालणारं काम म्हणजे खाणावळीतला स्वयंपाक आणि दवाखान्यातली रुग्णसेविका. आणि इथे पुन्हा जोड निखळतो. खाणावळ सुटते रात्री दहाला, दवाखान्यात रात्रपाळी लागते, निवारागृहाचं फाटक दिवेलागणीला बंद. नोकरीचं पत्र मिळाल्यावर अधीक्षकांकडून वेळेची लेखी सूट घेतली नाही तर चार दिवसांत तिला दोन्हींपैकी एक सोडावं लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा एमआयडीसीतलं काम लांब म्हणून नाकारू नये. शेवटची बस किती वाजता, ते आधी पाहावं.

गृहातून बाहेर पडल्यावर सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह, ही सगळ्यात कमी माहीत असलेली सोय. डॉर्मिटरीतल्या (अनेकींच्या सामायिक खोलीतल्या) खाटेचं भाडं पगाराच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नऊ हजार पगाराला ६७५ रुपये. मोठ्या शहरांबाहेर ३५ हजारांपर्यंत पगार चालतो, मुक्काम तीन वर्षं. प्रशिक्षण घेणाऱ्या बाईलाही वर्षभर राहता येतं, क्षमतेच्या ३० टक्क्यांपर्यंत. अर्ज करायचा तो कामाला लागल्यावर नाही, प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात. जवळ असं वसतिगृह नसेल तर भाड्याची खोली बघावी लागते आणि तिथे घरमालक दोन गोष्टी विचारतो, नवरा कुठे आहे आणि डिपॉझिट किती देता. पहिल्या प्रश्नाला अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार आणि कामाच्या ठिकाणचं पत्र बऱ्यापैकी उत्तर देतं. दुसऱ्यासाठी या साखळीत एकही योजना नाही, म्हणून पहिल्या पगारापासून दर महिन्याला काही रक्कम त्या छोट्या खात्यात बाजूला पडत राहील हे गृहातल्या समुपदेशकाने तिच्याबरोबर बसून ठरवून द्यावं.