जुन्या घराची सुरक्षा तपासणी : उन्हाळा, पावसाळा आणि कापूस घरात आल्यानंतरचा अनुभव

आम्ही घराची सुरक्षा तपासणी होळीच्या आधी करून घेतली. तेव्हाच लिहिणार होते, पण नुसता रिपोर्ट हातात आला म्हणून काय सांगणार? निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा म्हटलं. आता कापूसही घरात येऊन पडलाय.

घर दारव्हा तालुक्यातलं. पुढचा भाग मामाजींच्या (सासऱ्यांच्या) वडिलांनी बांधलेला : पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, छताला सागवानी बल्ल्या, वर कवेलू (कौलं). मागचा भाग आमच्या लग्नानंतरचा : विटा, सिमेंट, स्लॅब, टाइल्स, न्हाणीच्या जागी बाथरूम. तपासायला एक सिव्हिल इंजिनिअर आणि त्याच्यासोबत लायसनवाला वायरमन आला. फी साडेतीन हजार. अर्धा दिवस ते भिंती ठोकून ऐकत होते. आजी ओसरीवरून म्हणाली, "भितीची नाडी पाह्यते का काय थो?"

धास्ती सगळ्यांना जुन्या भागाची. "पाडाच म्हणन तो, पायजा," असं मामाजी आदल्या रात्रीपासून म्हणत होते. इंजिनिअर तसं काही म्हणाला नाही. रिपोर्टमधले बहुतेक लाल शेरे नव्या भागाचे निघाले, नाहीतर जिथे नवं जुन्याला जोडलंय तिथले.

सगळ्यात मोठा शेरा विजेचा. तीन पिनांचे सॉकेट घरभर होते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी, वायरच नव्हती. फ्रिज, मोटर, कुलर, सगळं बिनअर्थिंगचं चालू. आमच्याकडे मे महिन्यात कुलर रात्रंदिवस चालतो. लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी पोरं. कुलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात कुठून तरी येतेच. बोर्डात एमसीबी होते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. वायरमननं सांगितलं की एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपियरचा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तेवढा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो.

तो बसवला, अर्थिंगचा नवा खड्डा केला, घरभर हिरवी वायर ओढली. यात फीच्या कितीतरी पट पैसे गेले, हे आधीच धरून चाला. मे महिन्यात कुलर लावला की आरसीसीबी पडायचा, म्हणजे लाइन तोडायचा. पंपाची वायर आत सोललेली निघाली. जुलैत पाऊस लागला की पडायचा. धाकटे दीर इतके वैतागले की "काढून टाकू ना हे झंझट, डायरेक्ट जोडू" म्हणाले. मी जोडू दिलं नाही. शेवटी बाथरूमच्या दिव्यामागे स्लॅबमधून ओल उतरलेली सापडली. ती टाइल्सच्या आड होती, डोळ्यांनी कधीच दिसली नसती.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट काळ्या मातीवाल्यांनी ध्यानात ठेवावी. ही माती ओली असली की अर्थिंग छान मिळतं. उन्हाळ्यात ती वाळते, फाटते, अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपापासून सुटते, आणि नेमका तेव्हाच कुलर चालू असतो. फेब्रुवारीत चांगलं आलेलं माप मे महिन्यात पुन्हा घेतलं तर बरंच बिघडलेलं. आता उन्हाळाभर त्या खड्ड्यात बादलीनं पाणी टाकतो.

दुसरा मोठा विषय भेगा. नव्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलेली आहे. इंजिनिअरनं तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहिली : भेग हलली तर काच तडकेल. जूनच्या आधीच तडकली. श्रावणात बघते तर भेग जवळजवळ मिटलेली. म्हणजे काळी माती फुगते-आकसते तशी भिंत श्वास घेतेय, पायाच बसत चाललाय असं नाही. उपाय त्यानं स्वस्तातला सांगितला, भिंतीभोवती उताराची फरशी करा आणि पागोळ्याचं पाणी पायात मुरू देऊ नका. फरशी केली. फरक पडला की नाही ते पुढच्या उन्हाळ्यात कळेल.

जुन्या भागात एकच लाल शेरा, तोही आमच्या सुधारणेचा. मातीच्या भिंतीला खालून कमरेएवढं सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, शोभेला. शेणामातीच्या सारवणातून ओल बाहेर उडून जाते. सिमेंटमागे ती अडकते आणि भिंत आतून मऊ होते. खरवडून काढलं तर मागची माती बोटानं उकरत होती. गॅसचा रबरी पाइप पाच वर्षांची मुदत उलटलेला होता, तो त्याच दिवशी बदलला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून स्वयंपाकघरात जमिनीलगत जाळी पाडली. आईंना वाटलं आता उंदीर येतील. आलेले नाहीत.

आता तक्रारी. रिपोर्ट इंग्रजीत, मिस्त्रीला वाचता येईना. मी बसून मराठीत उतरवून दिला. आणि त्यांचा फॉर्म शहरातल्या फ्लॅटसाठी बनवलेला. लिफ्ट, पार्किंग, बाल्कनी यांचे रकाने. कापूस कुठे भरता, फवारणीची औषधं कुठे ठेवता, असं कुठेच नाही. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस अख्खी खोली भरून पडून असतो, त्यातच बल्ब लोंबतो. कापसाला लागलेली आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. मी विचारल्यावर वायरमननं त्या खोलीची लाइन वेगळी केली आणि बटण बाहेर घेतलं. औषधांचंही मीच काढलं. २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, तरी लाल त्रिकोणाचे डबे अजून माळ्यावर धान्याशेजारी ठेवणारी घरं आहेत. धान्यात टाकायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या तर ओल लागली की विषारी वायू सोडतात, त्या झोपायच्या खोलीत नकोतच. आम्ही सगळं अंगणातल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत हलवलं.

तरीही मी पाचपैकी चार देईन. त्यांनी स्वतः दुरुस्तीचं काम घेतलं नाही, त्यामुळे उगाच खर्च सांगितल्यासारखं वाटलं नाही. बोलवायचं असेल तर एप्रिल-मेत बोलवा, माती कोरडी असताना. आणि माळ्यावर चढणार का, हे आधी विचारून घ्या. आमचा चढला नाही. बल्लीच्या टोकाला लागलेली उधळी (वाळवी) दिवाळीच्या झाडझुडीत मामाजींनाच दिसली.