ड्युअल बँड राउटर, नऊ महिने वापरून झाल्यावर

आधी एक सांगतो, बॉक्सवर जे १२०० (एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) छापलंय ना तेवढा स्पीड कुणालाच मिळत नाही. ड्युअल बँड म्हणजे वाय-फायच्या दोन फ्रिक्वेन्सी, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, दोन्हीची बेरीज करून वर गोल केलंय, झालं. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, म्हणजे फाईल उतरवताना सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट (एमबी), कारण ८ बिटचा एक बाइट, हे मला चाळिशीत कळलं.

पण पहिले दोन महिने आकडा ९४ च्या वर जाईचना. राउटरला शिव्या घातल्या, कस्टमर केअरशी भांडलो, परत करायची मुदत पण गेली. शेवटी भाचा आला, टीव्हीच्या मागे वाकला आणि म्हणाला, मामा, वायर बघ आधी. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या, आणि गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. जोडणाऱ्याने टोकाला चारच क्रिम्प केलेल्या (कनेक्टरमध्ये दाबून बसवलेल्या), बाकीच्या चार सरळ कापून टाकलेल्या! चार तारांवर १०० चाच लिंक लागतो. नवीन कनेक्टर लावला आणि १९६. बिचाऱ्या राउटरचा काही दोष नव्हता. (स्वस्तातल्या काही मॉडेलला मुळात पोर्टच (वायर लावायची खाच) १०० चा असतो, घेताना गिगाबिट पोर्ट आहे का ते विचाराच.)

रेंज ठीकठाक. ५ गिगाहर्ट्झ हॉलमध्ये पळतो पण आमच्या जाड भिंती ओलांडून स्वयंपाकघरात जाईपर्यंत मान टाकतो. २.४ लांब पोचतो, पण मायक्रोवेव्ह पण साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्यामुळे कुणी दूध गरम करायला ठेवलं की आईच्या मोबाईलवरची मालिका नुसती गोल गोल फिरत बसते. त्यात २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल (फ्रिक्वेन्सीचे छोटे पट्टे) तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी बिल्डिंग ६ वर. मी १ धरला, बराच फरक पडला.

प्रिंटर मात्र दर दोन दिवसांनी गायब. डीएचसीपी म्हणजे राउटर प्रत्येकाला आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) ठराविक मुदतीसाठी वाटतो, प्रिंटरचा बदलायचा आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या मॅक अॅड्रेसला (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा राखून दिला, तेव्हापासून गप आहे.

ॲप भिकार, एक स्टार त्याचाच कापला. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) मात्र झकास, खालच्या काकांना तेच दिलंय, त्यांचं क्रिकेट चालतं आणि आमचा प्रिंटर त्यांना दिसत नाही.