तैपेई गेस्ट हाउसची गाइडेड टूर: वास्तू झकास, तह घाईघाईत

पैसे वसूल होतात का? होतात, पण प्रश्न विचारायची सवय असेल तरच. पाचपैकी साडेतीन. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण गाइड मुलगी नवी होती आणि मनापासून बोलत होती. माणशी 600 तैवानी डॉलर, इंग्रजीतून, साधारण दोन तास. मुलगा शिंचूला चिप कंपनीत आहे, त्यानेच बुकिंग केलं. "आई, तिथे एक मोठा दस्त झालाय, तुला आवडेल," म्हणाला. साताऱ्यात दिवाणी वकिली करण्यात जन्म गेलेल्या बाईला याहून वेगळं आमिष लागत नाही.

दस्त म्हणजे 28 एप्रिल 1952 रोजी याच वास्तूत सही झालेला दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार. एका बाजूला जपान, दुसरीकडे चँग कै-शेक यांचं, चीनमधल्या यादवीत कम्युनिस्टांकडून हरून तैपेईत येऊन बसलेलं सरकार.

वास्तूबद्दल मात्र तक्रार नाही. जपानी गव्हर्नर-जनरलचं निवासस्थान म्हणून 1901 मध्ये ही बांधली. पुढे वाळवीने पोखरली, तेव्हा 1911 ते 1913 या काळात मोरियामा मात्सुनोसुके या वास्तुविशारदाने तिचं रूपच पालटलं. उतरतं मॅन्सार्ड छप्पर, खांबांचे व्हरांडे, मागे तळं आणि जपानी बाग. गाइडने एक गोष्ट फार छान उलगडली. 1895 च्या शिमोनोसेकीच्या तहात चीनने तैवान जपानला दिलं, म्हणून हा बंगला उभा राहिला. आणि 57 वर्षांनी जपानचा प्रतिनिधी इथेच तैवानवरचा हक्क सोडल्याची नोंद असलेल्या कागदावर सही करायला आला. हे ऐकताना त्या जिन्याकडे पाहायची नजर बदलते. तिने टॅबलेटवर सहीचा जुना फोटोही दाखवला.

घोळ पुढे आहे. बागेतल्या फोटोंना भरपूर वेळ आणि वाटाघाटींना व्हरांड्यात उभ्याउभ्या दहा मिनिटं! सप्टेंबर 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जपानशी 48 देशांनी तह केला, तिथे चीनला बोलावणंच नव्हतं. ब्रिटनची मान्यता बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारला, अमेरिकेची तैपेईला; मग बोलवायचं कुणाला? जपानने नंतर स्वतःच ठरवावं, असं ठरलं. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये अमेरिकेचे दूत डलेस टोकियोत आले आणि पंतप्रधान योशिदांना समजावून गेले की तैपेईशी करार करणार असं लिहून द्या, नाहीतर आमची सिनेट मुख्य तहाला मंजुरी देणार नाही. योशिदांनी पत्र दिलं. याला स्वतःहून ठरवणं म्हणतात! हे सगळं गाइडने दोन वाक्यांत उरकलं. उरलेलं मी आधी वाचून गेले होते, म्हणून निभावलं.

बोलणी 20 फेब्रुवारीला सुरू झाली. जपानकडून माजी अर्थमंत्री कावादा इसाओ, तैपेईकडून परराष्ट्रमंत्री ये कुंग-चाओ, जे मूळचे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. गाडं अडलं ते करार लागू कुठे होणार यावर. तैपेई सरकारचा दावा सगळ्या चीनवर, कब्जा तैवान आणि काही बेटांवर. शेवटी सोबतच्या पत्रांत लिहिलं गेलं की, या सरकारच्या ताब्यात आज असलेल्या 'किंवा' पुढे येणाऱ्या प्रदेशांना करार लागू. तैपेईला हवं होतं 'आणि'. मग इतिवृत्तात नोंद झाली: या 'किंवा'चा अर्थ 'आणि' असा घेता येईल ना? जपानचं उत्तर, होय. माझ्या अख्ख्या वकिलीत इतकी सुबक पळवाट मी पाहिली नाही. गाइडला हे सांगितलं तर तिने वहीच काढली.

दुसरं कलम त्याहून भारी. जपानने तैवान आणि पेंगहू बेटांवरचा हक्क सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात सोडला आहे, एवढंच ते म्हणतं. कुणाच्या लाभात? लिहिलेलं नाही. आमच्या दुय्यम निबंधकांकडे घेणाऱ्याचं नाव नसलेलं हक्कसोडपत्र नेलं असतं तर त्यांनी ते टेबलावरूनच परत सरकवलं असतं. इथे त्या कोऱ्या जागेवरून आजही वाद चालू आहेत. नुकसानभरपाईवरही तैपेईने औदार्य म्हणून पाणी सोडलं. सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात यायच्या काही तास आधी सह्या झाल्या. 1972 मध्ये जपानने बीजिंगशी संबंध जोडले आणि परराष्ट्रमंत्री ओहिरांनी हा करार संपल्याचं जाहीर केलं. ते ज्या दिवशी घडलं तो 29 सप्टेंबर गाइडला तोंडपाठ होता, हे तिच्या बाजूने.

भारताचं नाव मात्र तिच्या बोलण्यात आलंच नाही, ते मी काढलं. नेहरूंनी सॅन फ्रान्सिस्कोला जायलाच नकार दिला होता. तैवान चीनला परत द्यायचं कलम नाही, हाही एक आक्षेप होता. भारताने 9 जून 1952 ला टोकियोत जपानशी वेगळा तह केला आणि भरपाईचे दावे सोडून दिले. मणिपुरातल्या सांगशाकला याच जपान्यांशी मराठा पलटण लढली होती, हेही मी सांगून टाकलं. गटातल्या दोन ऑस्ट्रेलियन आजोबांना ते तहापेक्षा जास्त आवडलं.

जायचं तर वास्तू रोज खुली नसते. परराष्ट्र मंत्रालय खुले दिवस जाहीर करतं, ते पाहून ठरवा. एनटीयू हॉस्पिटल मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. सोबत कुणी इतिहासाचं काहीच न वाचलेलं असेल तर गाइड घ्या. स्वतः वाचून जाणार असाल तर खुल्या दिवशी सरळ आत शिरा, प्रवेश फुकट आहे. 600 डॉलरमध्ये इथे दोघांचं बऱ्यापैकी जेवण होतं.